रुमालाखाली

एप्रिल. पहाटेचे तीन.
तुर्भ्याच्या फळबाजारात ट्यूबलाइटखाली
सगळ्यांचेच चेहरे अढीतून लवकर काढल्यासारखे.
मी पेढीचा मेहता. वही, कार्बन, दोन पेनं,
आणि समोर शेठचा मुलगा निहार,
पुण्याहून अर्थशास्त्र शिकून आलेला.

"माणसानं स्वतःसाठी जगावं, मेहताजी.
त्यात लाजायचं काय?
देवगडचा ट्रक रात्रीतून कशेडी का चढला?
तुमच्या तोंडाला चव यावी म्हणून?
भाव चढला म्हणून.
या अख्ख्या बाजारात भाव तेवढा खरं बोलतो."

कोपरी गावचा चंद्रहास मढवी
बर्फाच्या गाडीला रेलून होता.
"आमच्या बापासला कोनी इचारला भाव?
मिठागर होता, भात होता. नोटीस आली.
सरकार बोलला तो दर. कर सही.
मंग त्याच जमिनीवर गाळे झाले,
आनि एक तुझ्या आज्याला मिळाला."

निहार थांबला. मग एकदम उजळला.
"म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे!"
"मी कुनाच्या बाजूचा नाय, पोरा.
बाजू पन संपादित झाली."

सर्जेराव शेलार, माथाडी, जावळीकडचा,
हुक खांद्याला अडकवून ऐकत होता.
"मोकळा बाजार माझ्या बापानं बघितलाय.
जो कमी सांगंल त्याला पोतं.
एकदा त्यानं नुसत्या जेवणावर सांगितलं.
शेजारच्यानं अर्ध्या जेवणावर."

मी गप्प.
मला तिघांचंही पटत होतं,
पगार एकाकडूनच होता.

तेवढ्यात व्यापारी आला. मी रुमाल पुढे केला,
निळ्या चौकटीचा.
शेठचा हात, व्यापाऱ्याचा हात, दोन्ही आत गेले,
आणि बोटं बोटांशी कुजबुजू लागली.
बाहेर दोघांचे चेहरे असे,
जणू कुणाच्या तरी दहाव्याला भेटलेत.
निहार नेहमी सांगतो, बाजार चालवणारा हात दिसत नाही.
बावीस वर्षं इथे बसून बघतोय.
खरंच दिसत नाही.

यंदा ट्रकबरोबर मालकीणच आली होती, हेमलता मोंडकर.
पेटीवर बसून चपलेतला खडा काढत
तिने सगळा वाद ऐकला होता.
"कलमां माझी. फवारणी माझी. माकडां मी हाकललंय.
मगे भाव रुमालाखाली कित्याक?
मोकळो बाजार म्हणतास ना?
ह्यो रुमाल काढा आधी."

शेठ हसले. "पद्धत आहे, बाई."
निहारने बापाकडे पाहिलं.
त्याच्याजवळ या वेळेला बोलायचं एक वाक्य नक्की होतं.
ते काही आलं नाही.

"पेटये परत चढवा," ती म्हणाली. "चढवायचे किती?"
शेलारने तळवा उघडून उजेडात धरला.
"बोर्डाचा दर. पावतीसकट. घासाघीस नाय."
तिने मोजून दिले.
"ह्यां बरां," म्हणाली.

सकाळी घरी जाताना वाशीत, सेक्टर सतराच्या कडेला
ती टेम्पोतून विकताना दिसली.
भाव खोक्याच्या पुठ्ठ्यावर, खडूने, हाताएवढ्या आकड्यांत.
मी डझन मागितला. ओळख दिली.
तिने एक रुपया सोडला नाही.
मला राग आला,
मग राग आल्याचा राग.
पालिकेची गाडी वळणावर दिसली तेव्हा कळलं,
टेम्पोचं इंजिन तिने बंदच केलं नव्हतं.

कोपरखैरण्याच्या खोलीवर येऊन
रुमाल बादलीत टाकला.
आठवड्यातून दोनदा धुतो.
बोटांचे डाग निघतात,
चीक निघत नाही.
रुमाल पेढीचा.
साबण माझा.