सव्वीस आटे

गंज पेठेतला माझा व्हॉल्व्ह सव्वीस आट्यांचा.
पहाटे चारला सायकल भिंतीला टेकवून
मी लोखंडी चावी खड्ड्यात सोडायचो
आणि मोजायचो. अठराव्या आट्याला
जमिनीखालून आवाज यायचा,
झोपेत कुणी कूस बदलावी तसा.
एकतीस वर्षं. किती पाणी सोडलं
ते कुणी विचारलं नाही.

आता टाकी साठ लिटरची.
भाच्यानं शाळेची जुनी बस घेतली, बाकं उपटली,
पलंग बसवला, ओटा बसवला, टपावर दोन पॅनेल,
आणि म्हणाला, मामा, रिटायर झालायत, फिरा.
फिरत आलो ते पानशेतच्या वर, या सड्यावर.
खांब नाही, नळ नाही.
खाली धरण पसरलंय, डोळ्यांना हवं तेवढं;
हंड्याला मात्र तासाभराची उतरण,
आणि चढण माझ्या गुडघ्यांना विचारून.

तर पाणी मी हल्ली पैशासारखं खर्च करतो.
ताटं आधी भाकरीच्या तुकड्यानं पुसायची,
तो तुकडा खायचा,
मग एका तांब्यात दोन ताटं, दोन वाट्या, पळी.
धुवण बादलीत. तांदळाचं धुवण वेगळं, त्यात डाळ शिजते.
आंघोळ म्हणजे ओला पंचा आणि शकूचं वाक्य:
"पुढून झालं, पाठ उद्या."
टाकीत बुडवायला मी वेताची काठी केलीय, खाचा पाडून.
रोज संध्याकाळी काढून बघतो.
शकू म्हणते, ताप मोजल्यासारखं तोंड करू नका.

विजेचं गणित आणखी तिरकं.
उंबराच्या सावलीत बस लावली तर आत गार,
टपावर उपास.
उन्हात लावली तर बॅटरी जेवते, आम्ही भाजतो.
पंखा की फोन. फोन की दिवा.
शकूचं इन्सुलिन या भांडणात नाही.
ते छोट्या फ्रिजमध्ये, त्याला सुट्टी नाही.

परवा ढग आले. बरसणारे नव्हेत,
जेवणं उरकली तरी न उठणाऱ्या पाहुण्यांसारखे.
काल बारा पॉइंट एक. आज अकरा पॉइंट सहा.
दिवा बंद, पंखा बंद.
शकू अंधारात मोड आलेले वाल सोलत होती,
बोटांनी किडका ओळखत.
नऊच्या सुमाराला फ्रिजचा हिरवा ठिपका गेला.

मी काही बोललो नाही.
ती उठली. कोथिंबिरीची कुंडी रिकामी केली,
आत वाळू, वाळूत दह्याचं गाडगं, गाडग्यात इन्सुलिन,
वर फडकं. म्हणाली, "वाळू सुकू द्यायची नाही."
कुठे शिकलीस?
"फ्रिज नव्हता तेव्हा दूध कसं टिकत होतं?
बंडूचं दूध. मेच्या महिन्यात."
आणि पाणी?
"खालून आणायची. तुम्ही सोडलेलं
आपल्या मजल्यावर कधी चढलंय?"

मला माहीत होतं.
आटे मीच मोजत होतो.

पूर्वेला डोंगराच्या पाठीमागे
ढगाच्या पोटाला पिवळा डाग पडलेला. ते पुणं.
तिथे आत्ता कुणाच्या तरी गच्चीवर
टाकी भरून वाहत असणार.
वारा होता सड्यावर, तेवढं बरं. फडकं हलत होतं.

चारला जाग आली. ती येतेच,
अजून कुणी तिला रिटायर केलेलं नाही.
अंधारात बादली चाचपली,
ताटांच्या धुवणाची वाटी भरली,
कडेकडेनं वाळूत सोडली.
वाळूनं बारीक आवाज केला.

"किती सोडलं?"
पलंगावरून, झोपेतच.

एक वाटी.

"अजून अर्धी सोडा."