मिंगा

आमच्याकडे, चिलोए बेटावर, माणूस घर बदलत नाही,
घरच जागा बदलतं.
खाली ओंडके सरकवायचे, दोर आवळायचे,
बैलांच्या चार जोड्या, गावातले सगळे खांदे,
आणि चुलीसकट, भिंतीवरच्या फोटोंसकट
घर चिखलातून चालू लागतं.
याला म्हणतात मिंगा. मजुरी नसते.
संध्याकाळी उकडलेले बटाटे आणि सफरचंदाची दारू.

माझं काम त्यातलंच. बैल तेवढे नाहीत.

एरार्दो ओयार्सो, केमचीचे निवृत्त मास्तर.
बुडालेल्यांची वेबसाइट चालवतात:
कोणती होडी, कोणती खाडी, कोण परतलं नाही.
एकोणीस वर्षांच्या नोंदी, दोन बोटांनी टाइप केलेल्या.
जुना सर्व्हर बंद होणार म्हणून
त्यांनी एक प्लगइन शोधलं, फुकट.
एक बटण दाबा, सगळं उचलून नव्या जागी.
“नोएल्विना, बघ गं जरा,
दोर पक्के आहेत का.”

बघितलं.
कोड नीटनेटका होता, कुणीतरी रात्री जागून लिहिलेला.
एका टिपणीत: ‘हे नंतर दुरुस्त करणे’.
त्या ‘नंतर’ला चार वर्षं झाली होती.
बटण कोण दाबतंय, ते विचारतच नव्हतं.
मालक की वाटसरू, त्याला सारखेच.
आणि काम उरकलं की
सगळ्या साइटचं एक गाठोडं बांधून
अंगणात ठेवून निघून जायचं,
नाव तारखेवरून.
मला ते तिसऱ्या प्रयत्नात सापडलं.
तिसऱ्या.
मी काही फार हुशार नाही.

अहवालात लिहिलं, ‘गंभीर’.
खोडून ‘अतिगंभीर’. मग पुन्हा ‘गंभीर’.

मास्तर हसले. “मेलेल्यांचं काय चोरणार?
होती ती जाळी. ती पण बुडाली.”

मी त्यांच्यासमोर गाठोडं सोडलं.
नोंदी होत्याच. नोंदींच्या खाली
बायकांचे फोन नंबर, पत्ते,
एकीनं फक्त मास्तरांना कळवलेलं:
तो बुडाला नाही, पुएर्तो मोंतला दुसऱ्या घरी असतो,
पण नाव राहू द्या, पोरांना तेच ठाऊक आहे.
आणि एक मसुदा, कधीच प्रसिद्ध न केलेला,
दोनशे वेळा बदललेला.
मथळा: माझा भाऊ लिन्दोर.
पुढचं मी वाचलं नाही,
असं मी त्यांना सांगितलं.

किटली शिट्टी मारत राहिली. कुणी उतरवली नाही.

मग म्हणाले, मी नऊ वर्षांचा असताना
आमचं घर ओढलं, ओहोटीच्या वाळूवरून.
बापानं आधी काचा काढल्या, मग दारं,
ओझं कमी व्हावं म्हणून.
तीन रात्री घराला दार नव्हतं,
कुणी आत शिरलं नाही.

“तेव्हा सगळे ओळखीचे होते,” मी म्हटलं.

“छे. तेव्हा बाप उंबऱ्यावर झोपायचा.”

अहवालात याला रकाना नव्हता.
मी लिहिलं: आधी विचारा, कोण आहे.
गाठोड्याला असं नाव द्या जे कुणाला सुचणार नाही.
काम झालं की ते तिथेच जाळून टाका.
प्लगइनवाल्यालाही कळवलं. अकरा दिवस काही नाही,
बाराव्या दिवशी दोन शब्द: आभार. बघतो.

आम्ही थांबलो नाही. हातानंच नेलं सगळं,
रोज रात्री, एकेक नोंद, मी वाचायची, ते मान हलवायचे.
‘दुसऱ्या घरी’ असलेला माणूस बुडालेलाच ठेवला.
लिन्दोर त्यांनी स्वतः नेला, मला बाहेर पाठवून.
बटाटे मात्र मीच उकडले.

जुन्या जागी आता काही नाही.
तरी सवयीनं त्या गाठोड्याचा पत्ता टाकून बघते,
आणि पडदा पांढरा होऊन सांगतो:
सापडलं नाही.

मास्तरांच्या यादीत
हेच दोन शब्द
किती नावांपुढे आहेत, मी मोजायला बसले होते.
मध्येच थांबले.