अस्तर

ग्रनोब्लमध्ये रात्री अडीचला
अणुभट्टीतून न्यूट्रॉन येतात, रांगेत,
आणि काचेच्या चिमुकल्या पेटीत
क्लोतिल्दने बनवलेल्या पोकळ थेंबांवर आपटून
वाट बदलतात.
किती बदलली, तेवढंच तिला कळतं.
बाकी सगळा तर्क.

थेंब म्हणजे नुसतं कातडं, दुपदरी.
आत पाणी, बाहेर पाणी,
मधे पाण्याचं वावडं असलेल्या शेपट्या
एकमेकींना टेकून.
बाहेरच्या पदरात ती सरळ शेपट्यांचे लिपिड बसवते,
खेटून, इस्त्री फिरवल्यासारखे;
आतल्या पदरात वाकड्या शेपट्यांचे, ऐसपैस,
काहींच्या डोक्यावर ऋण.
विजेचं ऋण, कधी न फेडायचं.

जिवंत पेशीही हेच करते, पण फुकटात नाही.
तिथे एक हमाल प्रथिन रात्रंदिवस
वाट चुकून बाहेर गेलेल्या ऋणवाल्याला उचलतं,
आत आणून ठेवतं.
खेपेगणिक मजुरी रोख.
क्लोतिल्दच्या थेंबांत हमाल नाही.
म्हणून तिची घाई: चार दिवस गेले की
आतले बाहेर, बाहेरचे आत,
दोन्ही पदर सारखे, आणि बसा मग.

कोलेस्टेरॉलला मात्र बाजूच नाही.
क्षणात इकडे, क्षणात तिकडे,
फट दिसली की बूड टेकतं.
ते नक्की कुठल्या पदरात जास्त, यावरून
मागच्या परिषदेत दोन प्राध्यापक
एका टेबलावर जेवले नाहीत.

तिच्या खालच्या मजल्यावर आन्सेल्म राहतो.
हातमोज्यांच्या या शहरात
हाताने मोजे शिवणारे उरले थोडे, त्यांतला एक.
कातडं डोळे मिटून ओळखतो, करडाचं की कोकराचं.
त्याने विचारलं, रात्रभर करतेस काय तिथे?
ती म्हणाली, कातड्याला आतली बाजू का असते, ते बघते.
तो हसला.
"मोजा शिवायचा उलटाच.
मग काठी घालून एकेक बोट सुलट करायचं.
शिवण आत जाते.
लोकांना वाटतं, शिवण नाहीच."

लिपिडही आतल्याच बाजूला घडतात, मग काही पलटतात,
हे ती सांगणार होती.
सांगून बसली भलतंच:
पेशी मरायला लागली की हमाल थांबतो,
कुठलंसं दार सताड उघडतं, पदर मिसळतात,
आतले ऋणवाले बाहेर येऊन उभे राहतात.
गस्तीवरच्या पेशींना तेवढी खूण पुरते.
गिळून टाकतात, आवाज न करता.

आन्सेल्म उठला. खण ओढला.
बायकी मोजा, राखाडी, सव्वासहा मापाचा.
एकच. उलटा.
"जोसियान शेवटची बाहेरून आली
तेव्हा असाच ओढून काढला तिने.
चार बोटं बाहेर आली, अंगठा आत अडकला.
जन्मभर मी मोजे सुलट केले..."
पुढे काही बोलला नाही.

शिवण दिसत होती. टाका न् टाका त्याचाच.
क्लोतिल्दने हात पुढे केला,
मागे घेतला.

पहाटे सहाला पडद्यावर आकडे आले.
आत-बाहेरचा फरक अजून होता,
कालच्यापेक्षा जरासा कमी.
वहीत तिने तारीख लिहिली, वेळ लिहिली,
पाण्याचं तापमान,
आणि त्याच ओळीत, का कोण जाणे,
अंगठा.