आधी गवत

रात्रभर मी रस्त्यावरचा बर्फ लोटते.
सकाळी सहाला घरी येते तेव्हा
काराशोकमध्ये रात्रच असते,
दुपारीही तशी फार वेगळी नसते.
सूर्य येईल जानेवारीच्या मध्यावर.
तोवर घड्याळ हाच सूर्य,
आणि माझ्या नऊ वर्षांच्या नीलासचं
घड्याळाशी काही देणंघेणं नाही.

एक मोजा पायात, दुसरा हातात,
आणि हा खिडकीतून कुत्र्याशी बोलतोय.
वेंधळा आहे, म्हणाले त्याचे आजोबा.
लक्ष नसतं, लिहिलं शाळेने.
मी काहीच म्हटलं नाही, कारण
तीन वर्षं मी फक्त म्हणतच होते:
टोपी. हातमोजे. डबा. अरे, टोपी!
त्याच्या डोक्यात जे उगवू पाहायचं
ते माझ्याच तोंडाने उपटत होते.

हे कळलं रिस्तेनमुळे.
चार वर्षांची पोर, बाहुलीला दटावत होती,
आवाज हुबेहूब माझा:
टोपी! किती वेळा सांगायचं!
बाहुली बिचारी टोपीच घालून होती.

आता रात्री कामावर निघण्याआधी
मी एवढंच विचारते,
उद्या सकाळचा नीलास काय शोधत बसेल?
पहिल्या दिवशी तो म्हणाला, कुत्रा.
दुसऱ्या दिवशीही कुत्रा.
आठवड्याने म्हणाला, गवत.

गवत म्हणजे बुटात भरायचं.
ऑगस्टात दलदलीतून कापलेलं,
झोडपून मऊ केलेलं, वळ्या घालून ठेवलेलं.
आमच्याकडे आता कातडी बूट रोज कुणी घालत नाही,
पण उणे चौतीसला दुकानातला बूट हात टेकतो.
रात्री गवत काढायचं, मोकळं करायचं,
चुलीवरच्या तारेवर पसरायचं.
सकाळी आधी गवत, मग पाय, मग पट्टा.
उलटं केलं तर चालत नाही, आणि हे
पायाइतकं चांगलं कुणीच शिकवू शकत नाही.

एका रात्री बूट तसेच दारात पडले होते.
मी पाहिले. जीभ दातांखाली धरली.
धरून धरून दुखायला लागली,
तेव्हा समजलं की शिकणारे आम्ही दोघं आहोत.
पिशवीत जास्तीचे लोकरी मोजे टाकले,
ते मात्र त्याला सांगितलं नाही.
सकाळी त्याने ओलं गवत हातात घेतलं,
माझ्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं,
मग गेला आणि बापाच्या बुटातलं अर्धं काढून आणलं.
माहत्ते उठून दिवसभर पाय आपटत हिंडला.
हा उपाय माझ्या यादीत नव्हता.

आणि मग तो सोमवार.
रविवारी रात्री सुट्टी होती, मी फोनवर होते.
नीलास माझ्यापुढे उभा राहून विचारत होता,
आई, काही राहिलंय का?
मी हातानेच म्हटलं, नाही, जा.
सकाळी गाडी सुरूच होईना.
इंजिन गरम ठेवायची वायर
रात्रभर खांबाला तशीच लटकलेली,
लावायचं काम माझं.
तोंडावर आलेली शिवी मी गिळली,
निदान अर्धी.

मागच्या सीटवर चिडीचूप.
आरशात पाहिलं, तर नीलासने
ओठ आत ओढून घट्ट धरलेले,
डोळे मोठे, गाल फुगलेले:
काहीतरी सांगायचंय आणि सांगत नाहीये.
मी ओळखलं ते तोंड.
आरशात रोज पाहते.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला,
आई, आधी काय करूया?

मला खरंच माहीत नव्हतं.
रिस्तेन म्हणाली, टोपी.
आम्ही तिघांनी टोप्या खाली ओढल्या
आणि चालत निघालो,
मीच नांगरलेल्या रस्त्याच्या कडेने.
शाळेला वीस मिनिटं उशीर.
डबा गाडीतच राहिला.