तारीख राहिली

बॅलार्ड इस्टेटमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
सगळं विचारून होतं.
केरावाला साहेबांची काच दोनदा वाजवून,
बाथरूमच्या किल्लीसाठीसुद्धा वहीत सही करून.
सर्व्हरच्या खोलीला तर दोन कुलपं,
त्यातल्या एकाची चावी माझ्या कमरेला.

मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा,
आई म्हणायची ते
मार्चमधल्या एका रात्री
मला पडद्यावर वाचावं लागलं.

झालं होतं असं:
सामायिक फोल्डरमधली एखादी फाइल
नुसती तारीख बघायला मागितली
की सर्व्हर एक बिल्ला देतो,
पूर्वी बँकेत देत तसला, पितळी.
तोच बिल्ला पुढे करून कुणी म्हणालं,
या फाइलवर हक्क कुणाकुणाचा ती यादी बदल,
तर बिल्ला मुळात कशासाठी दिला होता
हे तिथे कुणी बघतच नव्हतं.
वाचताना विचारायचा, लिहिताना विचारायचा,
पुसताना तर दोनदा.
फक्त हक्क बदलताना
एक ओळ लिहायची राहून गेली होती
कुठल्याशा लांबच्या माणसाच्या हातून.
जेवायची वेळ झाली असेल.

मी नोंदी उपसत गेले.
खाली गोदीत क्रेन लाल दिवा लावून उभी,
चहा थंड, एसी बंद.
तेवीस तारीख, सात बेचाळीस, डिस्पॅचचं यंत्र.
हक्क बदल: मंजूर.
फाइल: जूनअखेर कमी करायची माणसं.

डिस्पॅचला एकच माणूस बसतो,
तुळशीदास बिर्जे.
डबा खाताना वाचतो
खाकी कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक.
मला वाटायचं, पोथी असेल.

यादीत सातवं नाव त्याचं.
पुसू शकला असता.
माझं घालू शकला असता त्या जागी,
साहेबांच्या पुतण्याचं तर
मीच घातलं असतं.
जुनी प्रत आणि नवी प्रत शेजारी ठेवून
ओळ न् ओळ ताडून पाहिली.
फरक एका अक्षराचा.
कुणीतरी ‘बुर्जे’ लिहिलं होतं.
त्याने उकार काढून वेलांटी दिली,
फाइल जतन केली,
हक्कांची यादी होती तशी परत लावली
आणि घरी गेला.

रात्री दीडला मी दुरुस्ती बसवली.
आता सर्व्हर विचारतो, बिल्ला कशाचा?
आणि नाही म्हणतो. तीन वेळा करून पाहिलं.
मग अहवाल लिहायला घेतला.
भोक कुठे होतं ते लिहिलं, कधीपासून तेही,
‘कुणी वापरलं’ या रकान्यापाशी
कर्सर लुकलुकत राहिला.

सकाळी पावणेदहाला
बिर्जे टपालाचा गठ्ठा घेऊन आला.
दार सताड उघडं,
तरी बाहेरच थबकून म्हणाला,
‘मॅडम, आत येऊ?’

या म्हटलं.
रकाना पडद्यावर तसाच रिकामा.
त्याने तिकडे पाहिलं नाही.
पोचवहीवर माझी सही घेतली,
बोट ठेवून नीट वाचली,
वही पुन्हा माझ्याकडे वळवली.
‘तारीख राहिली,’ म्हणाला.