मागची आवृत्ती

खानापूर, स्टेशन रोड, रात्रीचे पावणेबारा.
नवरा नंदगडचा, नवरी गोकाकची,
डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी,
सहाशे पत्रिका, सकाळी नऊला द्यायच्या.
आणि दुपारी मी, कुणी सांगितलेलं नसताना,
सगळी सिस्टीम अपडेट करून बसले.

आता 'विवाह'मधली वेलांटी व सोडून पुढे जाऊन बसली आहे,
'श्री' फुटून तुकडे झालेत,
कन्नडची पायाखालची जोडाक्षरं
ओळीत वर येऊन उभी,
चुकीच्या लग्नात शिरल्यासारखी.

मल्लेशी म्हणतो, अक्का, जुनं घाल की परत.
मीही तेच म्हणत होते.
कमांड लिहिली, पण नुसत्या तालमीची:
करू नको, काय करशील ते सांग.
त्यानं सांगितलं.
एक लायब्ररी खाली येईल,
दोनशे चौदा पॅकेजं जातील,
त्यात प्रिंटरचा ड्रायव्हर,
त्यात ज्या खिडकीत मी हे वाचत होते ती खिडकी.
आणि शेवटी अगदी अदबीनं: पुढे जाऊ?

तालीम विसरून माझं बोट
खऱ्या कमांडकडे निघालंच होतं.
स्वल्प तडी री, मल्लेशी म्हणाला.

बाबा शाकारणीला जायचे, इथल्याच भट्टीची कौलं.
मधलं कौल ओढायचं नाही म्हणायचे,
त्याच्या पाठीवर कोण टेकलंय ते आधी बघ.
आणि कामावरून उतरलेली जुनी कौलं
परसात दोन टोपल्या भरून राखायचे.
आई वैतागायची. पाय ठेवायला जागा नाही.

तर आधी अख्ख्या डिस्कची नक्कल बाहेरच्या डिस्कवर.
पाऊण तास. मध्ये लाईट गेली, यूपीएस ओरडत राहिला,
मल्लेशीनं चहा आणला तो कोणी प्यायलं नाही.
मग कॅश उघडली.
साफ करायची राहून गेली होती, देव पावला:
मार्चची आवृत्ती तिथंच पडून.
तिच्याबरोबर तिची दोन भावंडं, त्याच आकड्याची.
तिघांची नावं एकाच ओळीत, एकाच दमात.
पुन्हा तालीम.
तीन खाली येतील. जाणार कुणी नाही.

होय.

वेलांटी आली मागे.
जोडाक्षरं गुपचूप पायाशी जाऊन बसली.
तिघांना धरून ठेवलं, उद्याच्या अपडेटनं
पुन्हा वर ओढू नये म्हणून.
कॅलेंडरवर लाल पेननं लिहिलं: धरलंय. दुरुस्ती आली की सोड.
कारण कायमचं धरलेलंही कुजतं,
आणि मला विसरायची सवय आहे.

दीड वाजता मल्लेशीनं डावी बाजू वाचली, मी उजवी.
त्याच्याकडे मुहूर्त बारा सदतीस,
माझ्याकडे बारा सत्तावीस.
मूळ कागद काढले.
दोन्ही कागदांवर तसंच.
यात लायब्ररीचा काही दोष नाही.

आता या वेळी गोकाकला फोन कोण लावणार?