झडती

सुट्टीचा भोंगा झाला की फाटकाशी बायकांची रांग वेगळी.
अहिरेबाई खांद्यापासून घोट्यापर्यंत हात फिरवते,
अंबाड्यात बोटं घालून बघते
आणि त्याच दमात विचारते,
"पोराची बारावी काय म्हणते गं?"
एकोणीस वर्षं झाली.
वाईट वाटून घ्यायला मी नवीन थोडीच आहे.

मग लॉकरमधून मोबाइल काढते.
जेलरोडच्या रिक्षात, मागच्या सीटवर चौघींत दाबून बसलेली,
अंगठ्याने उघडते माझं घर.

क्लासखालच्या दुकानातल्या मुलाने टाकून दिलं ते कॉम्प्युटरमध्ये.
महिन्याचे सातशे, वर एक चहा.
"त्याला कळणार नाही ताई. दर पाच मिनिटांनी फोटो."
फोटो म्हणजे त्याचा नव्हे,
त्याच्या समोरच्या पडद्याचा.
सुमेध त्यात कुठेच नसतो.
नुसता बाण.
कधी कोपऱ्यात जाऊन बसलेला, कधी एकाच शब्दावर अडलेला.
त्या बाणावरून मी ओळखायला शिकले:
जांभई आली, उठून गेला, आजही डबा उघडला नाही.

दोन वीस: इंटिग्रेशनचा व्हिडिओ.
दोन पंचवीस: तोच, तिथेच थांबलेला.
अडीच: क्रिकेट.
तीन पाच: कोणी श्रावस्ती. तिला नुसतं 'हम्म'.
तीन दहा: परत 'हम्म'.
बिटको चौकात सिग्नलला मला हसू फुटलं.
शेजारची म्हणाली, काय गं?
काही नाही, म्हटलं.

मंगळवारी मोजणीत एक शीट कमी भरली.
दारं लागली. आतले आत, बाहेरचे बाहेर.
मोजलं, पुन्हा मोजलं,
यंत्राखाली टॉर्च मारून, गुडघ्यांवर बसून शोधलं.
साडेदहाला सापडली,
दुसरीच्या पाठीला शाईने चिकटलेली.
पुन्हा फाटक, रांग, अहिरेबाई.
तिचेही हात दमले होते.

रिक्षा मिळेना. दिव्याखाली उभी राहून उघडलं,
मनात जाब जुळवत,
की आई नाही म्हटल्यावर एवढ्या वेळात
ह्याने काय काय बघून घेतलं असेल.

सात पाच: नोट प्रेस ओव्हरटाइम किती वाजेपर्यंत
सात दहा: नोट प्रेस फोन नंबर
साडेसात: नाशिकरोड अपघात आज
सात पस्तीस: नाशिकरोड अपघात आज महिला
आठ: नकाशा. आमच्या दारापासून फाटकापर्यंत निळी रेघ,
चालत सव्वीस मिनिटं.
आठ पाच: तोच नकाशा.
आठ दहा: तोच.
सव्वानऊपर्यंत तोच. बाण जागचा हलत नाही.
नऊ वीस: नोट कमी भरली तर कामगाराला शिक्षा काय
नऊ पंचवीस: मुगाची खिचडी कुकर किती शिट्ट्या

घरी आले. चपला जरा जोरातच काढल्या.
पडद्यावर इंटिग्रेशन.
"उशीर झाला," मान न वळवता म्हणाला.
"काम होतं."
"खिचडी आहे. खाली लागलीय."
फाटकापर्यंत येऊन गेलास ना रे,
हे मला विचारता येईना.
त्याला सांगवेना.
जे कळलं होतं ते माझ्या हातात होतं
आणि खर्चता येत नव्हतं,
दिवसभर बोटांखालून जाणाऱ्या नोटांसारखं.
ताटभर खाल्लं. कुकरच्या तळाचं करपलेलंही
चमच्याने खरवडून खाल्लं.
तो म्हणाला, "ते नको खाऊस."

रात्री मोबाइल थरथरला:
मुदत उद्या संपते. सातशे भरून चालू ठेवायचं?
हो. नाही. नंतर.
आतल्या खोलीच्या फटीतून उजेड येत होता,
कळफलकाची टकटक थांबून थांबून.

मी 'नंतर' दाबलं,
फोन पालथा ठेवला
आणि अंबाडा सोडला.